लॉस्ट टेप्स हरवल्या नव्हत्या

द व्हॅम्पायर्स साउंड इन्कॉर्पोरेशन. हे एका बँडचं नाव आहे, आणि तसा बँड खरं म्हणजे नव्हताच. मॅन्फ्रेड ह्युब्लर आणि झिगफ्रिड श्वाब हे पश्चिम जर्मनीतले दोन कामसू संगीतकार. बीट संगीताची लाट ओसरत होती, सायकेडेलियाची चढत होती, बाजाराला रंगीबेरंगी माल हवा होता. 1969 साली या दोघांच्या संगीताची 'सायकेडेलिक डान्स पार्टी' नावाची तबकडी निघाली आणि तिच्यावर हे भुताटकीचं नाव छापलं गेलं. पुढे यातलं संगीत हेसुस फ्रँको या स्पॅनिश दिग्दर्शकाच्या स्वस्तातल्या भयपटांना लागलं. मग बरीच वर्षं सगळं थंड. 1995 मध्ये ते पुन्हा सीडीवर आलं, ब्रिटनमधल्या पोरांनी डोक्यावर घेतलं आणि 1997 साली टॅरँटिनोने त्यातला एक तुकडा 'जॅकी ब्राऊन'मध्ये वापरला. झालं. दोन पोटार्थी माणसांचं स्टुडिओतलं काम 'हरवलेला खजिना' ठरलं.

मी हे लाखांदूरला ऐकलं, मोबाइलवर. 2016 नंतर डेटा स्वस्त झाला आणि आमच्याकडची पोरं काय काय ऐकायला लागली याचा पत्ता पुण्या-मुंबईतल्या लोकांना अजून लागलेला नाही. मला ते आवडलं. मी स्वतः ऑर्गन वाजवतो. दिवाळीपासून होळीपर्यंत झाडीपट्टीच्या नाटकात आणि उरलेलं वर्ष धानाच्या बांधीत. त्यामुळे त्या तबकडीवरचा तो घोगरा, थोडासा निर्लज्ज ऑर्गन ऐकला तेव्हा हा आपल्याच धंद्यातला माणूस आहे हे कळलं. अशा माणसाला पहाटे तीन वाजता झोपेला आलेलं पब्लिक जागं करता येतं.

भांडण त्या संगीताशी नाही. ते ज्या पद्धतीने पुजलं जातं, तिच्याशी आहे.

जुन्या तबकड्या शोधणारा, जमवणारा, त्यांच्याबद्दल हळू आवाजात बोलणारा एक वर्ग आहे. मी त्यांना उत्खननवाले म्हणतो. आता तो आपल्याकडेही झाला आहे. नागपूरला भेटतो, पुण्यात तर ढिगाने. त्यांचा एक साधा हिशोब असतो. जेवढ्या कमी लोकांनी ऐकलं, तेवढं ते थोर. तुम्ही एखाद्या बँडचं नाव घेतलं आणि त्यांना ते माहीत असलं की त्यांचा चेहरा पडतो. माहीत नसलं की डोळे चमकतात, मग ते वहीत लिहून घेतात आणि पुढच्या वेळी तेच नाव तुम्हाला सांगतात. यात संगीत कुठे आहे? अनोळखीपणा हा त्या सुरांचा गुण कसा झाला? ह्युब्लर आणि श्वाब चांगले वाटतात कारण ते चांगले वाजवत होते. लाखभर लोकांनी ऐकले असते तरी तेवढेच चांगले वाजले असते.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. उत्खननवाले सांगतात की त्यांनी हरवलेलं शोधून काढलं. मी म्हणतो, शोधायला ते कुठेतरी असावं लागतं. कुणीतरी टेप डब्यात घातली, डब्यावर नाव-तारीख लिहिली आणि डबा कोरड्या कपाटात ठेवला. त्या कारकुनाचं नाव कुठल्याही कव्हरवर नसतं. कपाट उघडणाऱ्याचं मात्र असतं.

कॅन या जर्मन बँडचं उदाहरण घ्या. 1968 साली कोलोन शहरात सुरू झालेला. त्यातले इर्मिन श्मिट आणि होल्गर चुकाय हे श्टॉकहाउझनचे विद्यार्थी, म्हणजे शास्त्र शिकलेले. पण त्यांनी सवय लावून घेतली ती अगदी शेतकऱ्यासारखी : वाजवायला बसलं की टेप चालू. तासन् तास. कोलोनजवळच्या वाइलर्सविस्ट गावातलं एक जुनं सिनेमा थिएटर त्यांनी स्टुडिओ म्हणून घेतलं आणि आवाज घुमू नये म्हणून भिंतींना लष्कराच्या जुन्या गाद्या ठोकल्या. पुढे हा स्टुडिओ गाद्यांसकट सोडवून ग्रोनाउ शहरातल्या संगीत संग्रहालयात नेला गेला. त्या उचलाठेवीत जुन्या टेपांचा साठा हाती लागला, 30 तासांहून जास्त संगीताचा, आणि 2012 मध्ये त्यातून निवडलेल्याचा संच निघाला. नाव काय ठेवलं? 'द लॉस्ट टेप्स'.

हरवलेल्या टेप्स! अहो, त्या फळीवर होत्या. हरवणं काय असतं ते आम्हाला विचारा.

याच काळात ब्रेमेनच्या रेडिओ-टीव्ही केंद्राने 'बीट-क्लब' नावाचा कार्यक्रम चालवला, 1965 ते 1972. पोरापोरींचा धांगडधिंगा, केस वाढवलेले बँड, घरातल्या मोठ्यांनी नाकं मुरडावीत असा सगळा ऐवज. त्यातलं इतकं काही शिल्लक आहे की आज लाखांदूरच्या बसस्टँडवर उभं राहून मला ते बघता येतं. त्यांना ते थोर वाटलं म्हणून त्यांनी ठेवलं असं मला वाटत नाही. ठेवायची पद्धत होती, म्हणून ठेवलं गेलं. थोरवी मागाहून ठरली.

आता इकडे या.

त्याच वर्षांत आपल्याकडेही बीट बँड होते आणि चिक्कार होते. मुंबईत जेट्स होते, सॅव्हेजेस होते. कलकत्त्याहून 'ज्युनिअर स्टेट्समन' हे साप्ताहिक निघायचं, त्याच्यावर देशभरातली इंग्रजी वाचणारी पोरं जगायची. इंपीरियल टोबॅको कंपनीने आपली सिमला सिगारेट खपवण्यासाठी 'सिमला बीट' नावाची अखिल भारतीय स्पर्धा भरवली. शिलाँगचे फेन्टोन्स, मद्रासचे कन्फ्यूजन्स अशी मंडळी त्यात वाजवायची. 1970 आणि 1971 च्या स्पर्धांच्या तबकड्या निघाल्या. म्हणजे हिंदुस्थानातल्या त्या अख्ख्या पिढीच्या गॅरेज रॉकचा एक मोठा दस्तऐवज आपल्याकडे आहे तो सिगारेटच्या जाहिरात खात्याच्या कृपेने. अकादम्या, विद्यापीठं, सांस्कृतिक खाती या कामात कुठे दिसत नाहीत. धन्य आहे.

मग ॲटॉमिक फॉरेस्ट. सत्तरच्या दशकातला मुंबईचा सायकेडेलिक रॉक बँड. 'ऑब्सेशन 77' ही त्यांची एकुलती एक एलपी. 2011 साली अमेरिकेतल्या नाऊ-अगेन या लेबलने ते संगीत पुन्हा बाहेर काढलं आणि परदेशातले उत्खननवाले वेडे झाले. मग आपल्याकडचे झाले, त्याच क्रमाने. आधी लॉस एंजलिस, मग वांद्रे, मग कोथरूड. मुंबईत तयार झालेली वस्तू मुंबईला अमेरिकेतून कळली. याबद्दल कुणाला लाज वाटलेली मी पाहिली नाही. उलट परदेशी पुनर्मुद्रण झालं ही त्या संगीताची पदवी मानली गेली.

आणि आता मराठी वाचकांसाठी खास प्रश्न. नंदू भेंडे म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? बहुतेकांना काहीच नाही. थोड्यांना 'आत्माराम भेंड्यांचा मुलगा'. हा माणूस व्हेल्व्हेट फॉग, सॅव्हेजेस, ॲटॉमिक फॉरेस्ट या बँडांतून गायला. अलेक पदमसींच्या 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार'मध्ये 1974 साली ज्यूडास झाला. आणि चारच वर्षांनी, 1978 ला, पुलंनी ब्रेख्तचं 'थ्रीपेनी ऑपेरा' मराठीत 'तीन पैशाचा तमाशा' म्हणून आणलं, जब्बार पटेलांनी ते थिएटर ॲकॅडमीसाठी बसवलं, तेव्हा त्यातला अंकुश झाला. गुंडांचा म्होरक्या, मराठीत गाणारा, रॉकच्या गळ्याने. पुढे 1982 च्या 'डिस्को डान्सर'मधलं कृष्णाला हाक मारणारं गाणंही त्यांचंच. त्याची मूळ धून युरोपातल्या 'जीझस' नावाच्या एका पॉप गाण्याची. ज्यूडास झालेल्या माणसाने येशूची धून कृष्णासाठी गायली, असले योग आपल्याकडेच जुळतात. 2014 च्या एप्रिलमध्ये ते गेले.

जरा थांबून त्या 1978 च्या नाटकाकडे बघा. लंडनमध्ये 1728 साली जॉन गेचा 'बेगर्स ऑपेरा'. त्याच्यावरून बर्लिनमध्ये 1928 साली ब्रेख्त आणि कुर्ट वाइल. त्याच्यावरून पुण्यात पुलं. त्यात मुंबईच्या रॉक क्लबांतून आलेला गायक. ही काय साधी गोष्ट आहे? पण या नाटकावर मी जे मराठीत वाचलं आहे त्यात पुलंची भाषा सापडते, जब्बारांचं दिग्दर्शन सापडतं, ब्रेख्तचा सिद्धांत तर पानंच्या पानं सापडतो. रॉक एका वाक्यात उरकलेला असतो, पाहुण्याला ओसरीवरच चहा पाजावा तसा. एकीकडे मराठी नाट्यसमीक्षेला गिटार दिसत नाही. दुसरीकडे रॉकवाल्यांना मराठी दिसत नाही. एकच माणूस, दोन्ही घरांत पाहुणा.

का? ठरलेलं उत्तर मला पाठ आहे. 'ते सगळं उच्चभ्रू इंग्रजी माध्यमवाल्यांचं, परदेशी गाण्यांची नक्कल, मातीशी नातं नाही.'

नक्कल होती, यात वादच नाही. पण 1962 साली हॅम्बुर्गमध्ये स्टार-क्लब उघडला तेव्हा जर्मन पोरं काय करत होती? लिव्हरपूलहून आलेल्या बीटल्सना बघत होती आणि त्यांच्यासारखं वाजवत होती. रॅटल्स, लॉर्ड्स हे त्यांचे नावाजलेले बँड इंग्रजीत गायचे. जर्मन माणसाने जर्मनीत इंग्रजीत गायचं, लिव्हरपूलच्या चालीत. ही नक्कल नव्हे तर काय? पण त्या नकलेतूनच सात-आठ वर्षांत कॅनसारखं काहीतरी आलं. प्रत्येक वादक आधी दुसऱ्याचं वाजवतो. मी पहिलं गाणं बसवलं ते एका हिंदी सिनेमाचं होतं, आणि चुकीच्या पट्टीत. ज्याने कधी नक्कल केली नाही असा वादक मला आणून दाखवा, त्याची मिरवणूक मी लाखांदूरभर काढतो.

फरक एवढाच की त्यांनी आपल्या नकलाही ठेवून दिल्या. म्हणून नक्कल कुठे संपली आणि स्वतःचं कुठे सुरू झालं ते त्यांना आज बोट ठेवून दाखवता येतं. आपल्याला येत नाही, कारण मधला माल गायब.

'पण लाखांदूरच्या माणसाने या सगळ्याचा एवढा ताप का करून घ्यावा?' असं तुम्ही विचाराल. एका वाचनालयवाल्या काकांनी मला विचारलंच होतं. म्हणून आता आमच्याकडचं सांगतो.

लाखांदूरहून वैनगंगा ओलांडली की वडसा. कागदोपत्री देसाईगंज, जिल्हा गडचिरोली. हे झाडीपट्टी रंगभूमीचं ठाणं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या धानाच्या मुलखात दिवाळीनंतर मंडया भरतात, शंकरपट होतात आणि त्या निमित्ताने गावोगाव रात्रभर नाटकं. तिकीट लावून. बायाबापड्या पोरांना घेऊन, चादरी-सतरंज्या घेऊन येतात. आमच्या परशुराम खुण्यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा बाहेरच्या पत्रकारांना हे सगळं पहिल्यांदा कळलं. इथे ते आमच्या आजोबांच्याही आधीपासून चालू आहे.

या नाटकांबद्दल जे लिहून येतं ते नटांबद्दल, आणि गर्दीबद्दल. खाली मंचासमोर बसलेल्या आम्हा लोकांबद्दल कुणी लिहीत नाही. ऑर्गन किंवा कीबोर्ड, तबला, ढोलक, ऑक्टोपॅड. एवढ्यावर रात्र काढायची. नाटक रात्री दहाला चढतं आणि उजाडताना उतरतं. गाणी प्रत्यक्ष गायली जातात, म्हणून प्रत्येक नटाची पट्टी वेगळी आणि त्याच नटाची पट्टी थंडी वाढली की आणखी वेगळी. डिसेंबरात पहाटे आवाज अर्ध्या सुराने खाली येतो, तेव्हा कीबोर्डवर ट्रान्स्पोजचं बटण दाबून त्याला कळू न देता खाली उतरायचं. विनोदी नट कधी काय बोलेल याचा नेम नसतो, त्याच्या तोंडाकडे बघत राहायचं आणि शेवटच्या शब्दावर ऑक्टोपॅडवाल्याने ठोका हाणायचा. क्षणभर उशीर झाला की हशा मेला. खलनायकाच्या प्रवेशाला मी एक जोडसूर वाजवतो, दोन काळ्या आणि त्यांच्यामधली पांढरी एकदम. कुठल्याही शास्त्रात तो बसत नाही. पण तो वाजला की समोरच्या म्हाताऱ्या 'आला मेला' म्हणतात. वन्समोर आला की गाणं पुन्हा, आणि दुसऱ्या वेळी ते कधीच पहिल्यासारखं नसतं. ते लांबतं, वळतं, मध्येच ढोलकवाला आणि ऑक्टोपॅडवाला आपसात भांडायला लागतात, मी एकाच सुरावर बोट ठेवून बसतो आणि पाच-सात मिनिटं अशी जातात की आम्हालाही कळत नाही आपण कुठे आहोत. कॅनची ती लांबलचक वाजवणी ऐकली तेव्हा मला परकं काही वाटलंच नाही. मनात म्हटलं, ही तर पवनीकडच्या त्या रात्रीची गंमत.

आणि यातलं काय शिल्लक राहतं? दरवर्षी नवी नाटकं, नवी गाणी. दसऱ्याच्या आसपास तालमींत चाली बसतात. मी त्या वहीत लिहितो : पट्टी, ताल, पहिल्या ओळीचे सूर, कुठे थांबायचं. होळी झाली की मंडळी पांगतात, मी रोवणीच्या तयारीला लागतो आणि चाली संपतात. पब्लिक मोबाइलवर जे घेतं ते तीस सेकंदांचं असतं, नाचणाऱ्या मुलीवर रोखलेलं, आवाज फुटलेला. माझ्या चार हंगामांच्या कामापैकी मला आज ऐकवण्यासारखं माझ्याकडे जेमतेम पाऊण तास आहे. आमचा जो जुना ऑर्गनवाला होता, ज्याच्याकडून मी हात शिकलो, त्याचं एक मिनिटही नाही. त्याच्या डाव्या हाताची एक चाल होती, ती मी तुम्हाला शब्दांत सांगू शकत नाही आणि हुबेहूब वाजवूही शकत नाही.

तुम्ही म्हणाल, लोककलेचे अभ्यासक आहेत की. आहेत. एक आमच्याकडेही आले होते, मोठ्या शहरातून, चांगलं यंत्र घेऊन. दंडार आणि खडी गंमत त्यांनी मन लावून रेकॉर्ड केली, त्याबद्दल मी त्यांना मानतो. नाटकाच्या रात्री मात्र ते मला म्हणाले, 'तो कीबोर्ड आणि ते इलेक्ट्रॉनिक पॅड जरा बंद ठेवता येईल का? मूळ रूप हवं होतं.' मी म्हटलं, दादा, हेच मूळ आहे, पब्लिक यालाच तिकीट काढून आलंय. त्यांनी यंत्र पिशवीत घातलं.

ही फट कुठे आहे ते आता बघा. लोककलावाल्याला प्लगची वायर दिसली की त्याच्या दृष्टीने वस्तू बाटली. शास्त्रीयवाल्याला आमचा जोडसूर ऐकवत नाही. सिनेमावाल्यांना आम्ही गावठी. आणि उत्खननवाल्यांना आम्ही पुरेसे दुर्मीळ नाही, कारण आमच्यासमोर एका रात्रीत हजारो लोक बसलेले असतात. जो कार्यक्रम हाऊसफुल्ल जातो तो 'हरवलेला खजिना' कसा होणार? त्यांना तो हवा असेल चाळीस वर्षांनी, आम्ही मेल्यावर, एखादी बुरशी लागलेली पेनड्राइव्ह सापडली तर. तेव्हा तिच्यावर कव्हर चढेल, त्यावर वैनगंगेच्या सूर्यास्ताचा फोटो असेल आणि लेबल परदेशी असेल.

मुंबईचे बीट बँड याच फटीत पडले. भारतीय म्हणावेत तर इंग्रजीत गाणारे. इंग्रजी म्हणावेत तर मुंबईचे. जो तो शुद्ध मालाची वाट बघत बसला आणि विजेवर चालणारं, मिसळलेलं, उधार-उसनवारीचं जे खरोखर वाजत होतं ते कुणाच्याच खात्यात जमा झालं नाही. वांद्र्याचा गिटारवाला आणि लाखांदूरचा ऑर्गनवाला यांच्यात बाकी काही सारखं नाही. त्याच्याकडे पैसा होता, माझ्याकडे नाही. त्याची भाषा मला फाड-फाड येत नाही, माझी झाडीबोली त्याला कळणार नाही. पण विसरले गेलो ते एकाच कारणाने. म्हणून नंदू भेंड्यांची आठवण काढणं मला शहरी चोचले वाटत नाहीत. त्यांच्यासारख्या नावाजलेल्या घरातल्या, मुंबईत राहणाऱ्या, सिनेमात गायलेल्या माणसाचं हे होतं, तर आमच्या ढोलकवाल्याचं काय होणार हे सांगायला ज्योतिषी नको.

1978 मध्येच, 'तीन पैशाचा तमाशा' रंगभूमीवर आला त्या वर्षी, म्युनिकचा एम्ब्रियो हा बँड बस घेऊन इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान करत भारताकडे निघाला होता. वाटेत भेटेल त्या वादकासोबत वाजवत. त्या प्रवासाची तबकडी निघाली, चित्रपटही झाला. वाटेत भेटलेल्या वादकाने त्यात वाजवलेलं त्या जर्मनांच्या यंत्रामुळे टिकलं. मला यात दोष काढायचा नाही, उलट आभारच आहेत. पण दर वेळी म्युनिकहून बस येण्याची वाट बघायची का?

आता आमच्याच माणसांशी दोन शब्द, कारण सगळं पाप बाहेरच्यांच्या माथी मारणं सोपं आहे. निर्माते रेकॉर्डिंगला भितात. त्यांची भीती खोटी नाही. नाटक युट्युबवर आलं तर पुढच्या गावचं तिकीट खपेल का? लाखो रुपये घालून हंगाम उभा केलेला असतो, कर्जही असतं. पण याच भीतीपोटी प्रत्यक्ष वादनच कमी करायची भाषा सुरू झाली आहे, ते मला पचत नाही. गेल्या हंगामात एका निर्मात्याने आम्हाला विचारलं, 'सगळी गाणी एकदा ट्रॅकवर बसवून पेनड्राइव्हमध्ये टाकली तर? दोन माणसांचे रात्रीचे पैसे वाचतील.' म्हणजे आमचं वाजवणं जपण्यासाठी रेकॉर्डिंग नको, आम्हाला घरी बसवण्यासाठी हवं. मी नाही म्हटलं. तबलेवाल्यानेही नाही म्हटलं. पुढच्या वर्षी आम्हाला विचारतील की नाही माहीत नाही.

तिकिटाच्या प्रश्नाला उपाय आहे. हंगामात काहीही बाहेर सोडायचं नाही. होळीनंतर सोडायचं, तेव्हा ते नाटक संपलेलंच असतं. आणि फक्त संगीत ठेवायचं, संवाद नाही. एक प्रत मंडळीकडे, एक वादकांकडे, एक वडशाबाहेर कुठेतरी, कारण पुराचं पाणी आमच्याकडे दरवाजा ठोठावून येत नाही. एवढं निर्मात्यांना समोर बसून सांगितलं तर निदान काही ऐकतात. मी दोघांशी बोललोय, एक तयार आहे.

राहिले तुम्ही, म्हणजे हा मजकूर मोबाइलवर वाचणारे, ज्यांच्या प्लेलिस्टमध्ये कोलोनपासून शिलाँगपर्यंतची तीन-तीन श्रोते असलेली गाणी आहेत. तुमचा कान चांगला आहे, तो जरा इकडे लावा. या दिवाळीनंतर वडशाला उतरा. गोंदिया-बल्लारशा लाइनवर स्टेशन आहे. कुठल्या गावात कुठलं नाटक आहे हे चौकातल्या बॅनरवर लिहिलेलं असतं. येताना मोबाइलला जोडता येईल असं लाइन-इनचं छोटं साउंड कार्ड आणा. मिक्सरचा आवाज थेट मोबाइलच्या माइकच्या भोकात घातला तर फुटतो. मिक्सरवर बहुधा 'रेक आउट' लिहिलेली दोन भोकं असतात, एक लाल, एक पांढरं. वायर तिथे. त्यातून गायक आणि कीबोर्ड छान येतात, पण ढोलक कमी येतो आणि पब्लिक तर येतच नाही, म्हणून दुसरा मोबाइल गर्दीत ठेवायचा, बायकांच्या बाजूला, कारण हशा तिकडे आधी फुटतो. सुरुवातीला एक जोरदार टाळी वाजवायची, म्हणजे दोन्ही आवाज नंतर जुळवता येतात. फाइलच्या नावात तारीख, गाव, नाटक, आणि वाजवणाऱ्या चौघांची नावं. त्यांच्याकडून विचारून, त्यांच्या स्पेलिंगने. मिक्सरवाल्याला आधी चहा पाजा आणि मगच विचारा. न विचारता वायर लावली की तो पहिल्या अंकालाच उपटून टाकतो.